बाळ पायाळू आहे, सिझरची तारीख ठरलीय; आता पुढे काय काय होतं?

चोपड्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पहिलं बाळंतपण, ३६ आठवडे पूर्ण झालेत, सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसतंय. डॉक्टरांनी ३९ आठवडे भरल्यानंतरची सिझरची तारीख दिलीय. मधेच आखाजी (अक्षय्य तृतीया) येतेय, आणि सासूबाईंचं म्हणणं की एवीतेवी ऑपरेशनच करायचं तर त्याच शुभ दिवशी करून घ्या. त्या दिवशी ताईंचे ३७ आठवडे आणि वर चार दिवस होतील. त्यांना स्वतःला भीती कमरेतल्या इंजेक्शनची, नंतरच्या दुखण्याची, आणि उठून बसायला किती दिवस लागतील याची. प्रश्नाच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, "घरात सगळ्यांची नॉर्मल झालीत, माझंच असं का?"

ताई, मी जळगाव जिल्ह्यात बरीच वर्षं बाळंतपणं करतेय, आणि तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. ते मनातून गेलं नाही तर बाकीचं डोक्यात शिरणार नाही. दिवस भरत आल्यावर शंभरातली तीन-चार बाळं पायाळू असतात. कधी गर्भाशयाचा आकार वेगळा असतो, कधी पाणी कमी-जास्त असतं, कधी वार (प्लासेंटा) खाली असते, आणि बहुतेक वेळा काहीच कारण सापडत नाही. तुम्ही जिने चढलात की नाही, खाली बसून फरशी पुसलीत की नाही, दुपारी झोपलात का, याचा बाळ फिरण्या-न फिरण्याशी संबंध नाही. कोणी तसं म्हणालं तर ऐकून सोडून द्या. तुमचं काही चुकलेलं नाही.

पायाळू बाळाला सिझर का सुचवतात तेही सांगते. बाळाच्या शरीरातला सगळ्यात मोठा आणि कडक भाग म्हणजे डोकं. डोकं आधी आलं की बाकीचं शरीर सहज येतं. पायाळू बाळात ते सगळ्यात शेवटी येतं, आणि तिथे अडकलं तर हाताशी मिनिटंच असतात. २००० साली बऱ्याच देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पायाळू बाळांसाठी ठरवून सिझर केलं तर बाळ दगावण्याचं किंवा त्याला गंभीर इजा होण्याचं प्रमाण १.६ टक्के आढळलं, आणि खालून प्रसूतीचं ठरवलेल्या गटात ५ टक्के. निवडक बाईची पायाळू प्रसूती खालून सुखरूप होते, पण त्यासाठी तो हात असलेले डॉक्टर आणि शेजारी तयार ओटी (ऑपरेशन थिएटर) दोन्ही लागतात. तुमच्या डॉक्टरांनी सिझर सुचवलं, मीही बहुधा तेच सुचवलं असतं.

त्याआधी त्यांना एक गोष्ट मात्र जरूर विचारा: पोटावरून हातानं बाळ फिरवून बघता येईल का? पहिलटकरणीत हे ३६ आठवड्यांपासून करतात आणि दहातल्या साधारण चार जणींत बाळ फिरतं. पाणी कमी असेल, वार खाली असेल, बीपी वाढलेलं असेल तर करत नाहीत. हे काम फक्त दवाखान्यात, सोनोग्राफी लावून, बाळाचे ठोके बघत आणि ओटी तयार ठेवूनच व्हायला हवं. गावात कुणी अनुभवी आजी "मी पोट चोळून फिरवून देते" म्हणाल्या तर हात जोडून नाही म्हणा. पोटावर जोर पडून वार सुटली तर बाळ आणि आई दोघांच्याही जिवावर बेततं.

आता तारखेचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांत खरा अडलेला हाच आहे.

आखाजी म्हणजे आपल्याकडे लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झोके बांधतात. त्या दिवशी घरात बाळ यावं असं सासूबाईंना वाटणं यात प्रेमच आहे. माझ्याकडेही दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, आखाजीना दिन धरी ल्या ना." मी पंचांग बाजूला ठेवा असं कधी म्हणत नाही. मी बाळाचे आठवडे मोजते आणि जे आहे ते सांगते. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात पाणी भरलेलं असतं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, आणि कळा सुरू झाल्यावर विशेष करून, ते शोषलं जाऊ लागतं. ठरवून केलेल्या सिझरमध्ये कळा आलेल्या नसतात, म्हणून ती तयारी दिवसांनीच करून घ्यावी लागते. डेन्मार्कमधल्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३७ आठवड्यांवर ठरवून सिझर केलेल्या बाळांपैकी साधारण दहात एकाला श्वासाचा त्रास झाला. ३८ ला शंभरात पाच जणांना, आणि ३९ ला शंभरात दोघांना. हा त्रास बहुतेक बाळांत दोन-तीन दिवसांत जातो. पण ते दोन-तीन दिवस बाळ काचेच्या पेटीत आणि आई दुसऱ्या मजल्यावर. चोपडा-यावल भागात तर कधी बाळाला वेगळ्याच गावी, नवजात शिशू कक्ष असेल तिथे हलवावं लागतं. बाळ एका गावात, टाके घातलेली आई दुसऱ्या गावात, आणि घरचे दोन्हीकडे पळतायत. सासूबाईंना हे चित्र शांतपणे सांगा. आजीला नातवाच्या श्वासापेक्षा मुहूर्त मोठा वाटतो असं मी फारसं पाहिलेलं नाही, फक्त त्यांना कारण सांगावं लागतं.

३९ पूर्ण झाल्यानंतरच्या दोन-चार दिवसांत घरच्यांनी चांगला दिवस बघितला तर माझी हरकत नसते, मात्र तो दिवसा उजेडी, पूर्ण स्टाफ आणि भूलतज्ज्ञ हजर असतानाचा हवा. मुहूर्तासाठी पहाटे साडेतीनला ओटी उघडायला मी तयार नसते.

आता परिस्थितीवर अवलंबून काय ते सांगते. ३९ आठवड्यांचा नियम निरोगी आई आणि एकट्या बाळाचा आहे. जुळी असतील, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बीपी किंवा साखर ताब्यात नसेल, बाळाची वाढ अडलेली असेल तर डॉक्टर आधीची तारीख देतात आणि ती पाळायची असते. कधी त्यासोबत बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शनंही देतात. तुमच्याकडे यातलं काही असेल तर माझं वरचं गणित तुम्हाला लागू नाही.

ठरवून केलेल्या सिझरचा मोठा फायदा म्हणजे हातात असलेले दिवस. ते हिमोग्लोबिनसाठी वापरा. सिझरमध्ये खालून होणाऱ्या बाळंतपणापेक्षा रक्त जास्त जातं, अर्धा ते एक लिटरपर्यंत. ज्या बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे तिला ते झेपतं. ८ असलेल्या बाईला तेवढ्यानंच चक्कर, थकवा, दूध उशिरा येणं, टाके उशिरा भरणं सगळं होतं. आताच तपासून घ्या. कमी असेल तर या टप्प्यावर नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, शिरेतून लोह देता येतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्तपेढीत आधी चौकशी करून ठेवा, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यायचं असतं हेही लक्षात ठेवा. तुम्ही सातपुड्याच्या पट्ट्यातल्या, विशेषतः पावरा किंवा भिल्ल समाजातल्या असाल आणि सिकलसेलची (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली नसेल तर ती ऑपरेशनआधी झालीच पाहिजे. सिकलसेल असलेल्या बाईला थंडी, पाणी कमी पडणं आणि प्राणवायू कमी पडणं सोसत नाही, त्यामुळे भूलतज्ज्ञांना हे आधी माहीत असणं फार गरजेचं आहे.

पैशाची काळजी असेल तर सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, आईचं जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सगळं मोफत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे गर्दी असते हे खरं, पण अवघड केस हाताळायची सवयही तिथेच असते.

तारखेआधीच कळा आल्या किंवा पाणी गेलं तर? असं काही जणींचं होतं, त्यात अघटित काही नाही. काही न खाता थेट दवाखाना गाठा. मात्र पायाळू बाळात पाणी गेलं आणि योनीतून दोरीसारखं काही बाहेर आल्यासारखं वाटलं, तर ती नाळ असू शकते. तिला हात लावू नका, कुशीवर आडव्या व्हा, कमरेखाली दोन उशा घेऊन कंबर उंच करा, आणि त्याच अवस्थेत १०८ च्या गाडीनं निघा. मोटारसायकलवर बसून तर मुळीच नाही.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री हलकं जेवा, वरण-भात, खिचडी. तेलकट शेवभाजी त्या रात्री नको. हलकं खाणं सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करायचं असतं. "रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही" ही जुनी पद्धत बऱ्याच ठिकाणी अजून आहे. सकाळी अकराची वेळ असेल तर वैशाखात एवढा वेळ कोरडं राहून बाई गळून जाते. तुमच्या भूलतज्ज्ञांना नेमकी वेळ विचारा आणि तीच पाळा. घरी ब्लेडनं केस काढू नका, बारीक चिरा पडून तिथेच जंतू शिरतात. लागले तर दवाखान्यात मशीननं काढतात. नेलपॉलिश काढा. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र घरच्यांकडे द्या. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारं उपकरण वापरतात आणि अंगावर धातू असला तर भाजण्याचा धोका असतो, हे सांगितलं की मंगळसूत्रावरून कुणी अडून बसत नाही.

त्या सकाळी एक गोष्ट हक्कानं मागा: ओटीत जाण्याआधी पुन्हा एकदा सोनोग्राफी. पायाळू बाळ शेवटच्या दिवसांत स्वतःहून फिरल्याचं आम्ही पाहतो. डोकं खाली आलं असेल तर ऑपरेशन रद्द होऊन तुम्ही घरी जाऊ शकता.

आता ओटी. खोली गार असते, टेबल अरुंद. सलाईन लागलेली असते, अँटिबायोटिक चिरा देण्याआधीच देतात. भूलतज्ज्ञ तुम्हाला बसवून, छातीशी उशी धरून पाठ मांजरीसारखी गोल करायला सांगतील. पाठीवर गार स्पिरिट, मग एक टोचणी, मग थोडा दाब. सुई केसासारखी बारीक असते आणि मुख्य मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली जाते. "आयुष्यभर कंबर दुखते" हे मला रोज ऐकायला मिळतं. टोचल्या जागी चार-आठ दिवस दुखरं राहू शकतं. वर्षानुवर्षांची कंबरदुखी येते ती नऊ महिन्यांच्या ओझ्यातून, वाकून दूध पाजण्यातून आणि कॅल्शियम, व्यायाम यांच्या कमतरतेतून, आणि ती खालून बाळंत झालेल्यांनाही तितकीच होते. मोजक्या बायकांना नंतर डोकं दुखतं, बसलं की वाढतं आणि झोपलं की थांबतं. तसं झालं तर सांगा, त्यावर उपाय आहे.

इंजेक्शननंतर मिनिटाभरात पायांत ऊब येते, मुंग्या येतात, मग पाय जड होतात. बीपी थोडं उतरून मळमळतं, तेव्हा लगेच सांगायचं, औषध हाताशीच असतं. गार बोळा लावून बधिरपणा तपासल्याशिवाय कुणी सुरी हातात घेत नाही. लघवीची नळी बसते, टेबल जरा डावीकडे कलतं करतात म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येत नाही, आणि छातीसमोर पडदा. चिरा ओटीपोटावर, केसांच्या रेषेजवळ आडवा.

मग जे होतं त्याची बायकांना आधी कल्पना नसते आणि म्हणून घाबरतात. दुखत नाही, पण कळतं. पोटात कुणीतरी हात घालून आवराआवर करतंय असं ओढल्यासारखं जाणवतं. पाणी ओढून घेण्याचा आवाज येतो. बाळ काढताना सहाय्यक डॉक्टर पोटाच्या वरच्या भागावर जोरात दाबतात, क्षणभर श्वास कोंडल्यासारखा होतो. हे सगळं नेहमीचं आहे. सुरुवात केल्यापासून बाळ बाहेर यायला बहुतेक पाच ते दहा मिनिटं लागतात. तुमच्या बाळाचं आधी ढुंगण किंवा पाय येतील, मग हात, आणि शेवटी डोकं. ते शेवटचं काम आम्ही घाई न करता करतो, तेवढा वेळ ओटीत सगळे गप्प असतात. त्या शांततेला घाबरू नका. बाळ ठीक असेल तर नाळ एखादं मिनिट थांबून कापतात, त्यानं बाळाला जास्त रक्त मिळतं. पुढचा अर्धा-पाऊण तास गर्भाशय आणि पोट शिवण्यात जातो. तेव्हा अंगात हुडहुडी भरते, दात वाजतात, हेही नेहमीचंच. बाळाला तेव्हाच तुमच्या गालाशी, छातीशी द्यायला सांगा. नवऱ्याला आत घेतात का, हे प्रत्येक दवाखान्याचं वेगळं असतं, आधी विचारून ठेवा.

पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी लावा. "सिझर झालं की दूध येत नाही" असं म्हणत कुणी वाटी-चमचा घेऊन आलं तर थांबवा. पहिले दोन-तीन दिवस येतो तो पिवळसर चीक. थेंबभरच असतो, आणि बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो. मध नको, घुटी नको, पाणी नको. कुशीवर झोपून पाजलं, किंवा बाळाला काखेखाली धरून पाजलं की टाक्यांवर भार येत नाही.

दुखण्याबद्दल खरं सांगते: पहिले दोन दिवस दुखतं. भूल दोन-चार तासांत उतरते, म्हणून दुखणं वाढण्याची वाट न बघता औषध वेळेवर घ्या. पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅकसारखी औषधं दूध पाजताना चालतात. पित्ताचा, दम्याचा किंवा किडनीचा त्रास असेल तर तेवढं आधी सांगा. टाक्यांपेक्षा वायूचं दुखणं जास्त सतावतं आणि त्यावर चालणं हाच इलाज. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी तुम्हाला उठवतील. सरळ उठू नका: आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातावर जोर देऊन बसा, दोन मिनिटं बसून राहा, मग कुणाला तरी धरून उभ्या राहा. खोकताना, शिंकताना टाक्यांवर उशी दाबून धरा. पहिलं उठणं सगळ्यात अवघड, तिसरं-चौथं बरंच सोपं. बहुतेक जणी तीन ते पाच दिवसांत घरी जातात.

घरी गेल्यावर टाक्यांपेक्षा मला घरच्या पद्धतींची जास्त काळजी वाटते. आखाजीच्या सुमारास आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकलेला असतो. अशा दिवसांत बंद खोलीत खाटेखाली शेगडी ठेवायची म्हणजे आई-बाळाला उष्माघात, आणि कोळशाच्या धुरातला विषारी वायू. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीचा कमरेला, टाक्यांना नाही. पंखा, कूलर चालतो, थेट झोत बाळावर नको. "पाणी प्यायलं की पोट सुटतं" म्हणून बाळंतिणीला तहानलेलं ठेवतात. त्यातून दूध पाजायची दमछाक, शौचाला कडक आणि लघवीची जळजळ. दिवसाला तीन लिटर पाणी लागतंच, बाळ पाजायला बसलं की शेजारी तांब्या हवाच. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपू, बाजरीची भाकरी सगळं चांगलं आहे, सोबत डाळी, अंडी, चालत असेल तर मटणाचा रस्सा. आणि केळी. रावेर-यावलची केळी देशभर जातात आणि इथल्याच बाळंतिणीला ती बाधतात म्हणून बंद असतात, याचं मला फार वाईट वाटतं. खुशाल खा.

रोज अंघोळ करा, टाके स्वच्छ पाण्यानं धुऊन टिपून कोरडे ठेवा. घामानं ओटीपोटाच्या घडीत ओल राहते, तिथे सैल सुती कपडा. हळद, राख, पावडर काही लावायचं नाही. पोटाला आधार म्हणून सैल पट्टा चालतो, लुगड्यानं करकचून आवळणं नको. नळाला पाणी आलं म्हणून हंडे उचलायला धावू नका. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही नाही. टाक्यांभोवती बधिरपणा काही महिने राहतो, तो हळूहळू जातो.

खालच्यापैकी काहीही झालं तर सव्वा महिना, पाचवी, बारसं काही न बघता दवाखान्यात या. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप. तासाभरात पॅड भिजून जाणं किंवा रक्ताच्या मोठ्या गाठी. घाण वासाचा स्राव, टाक्यांतून पू. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं. खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं. सतत रडू येणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं, नको ते विचार मनात येणं, हाही आजारच आहे आणि तो बरा होतो.

पुढच्या वेळीही सिझरच होईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कुणीतरी विचारेलच. तुमचं सिझर बाळ पायाळू म्हणून होणार आहे, आणि पुढचं बाळ पायाळू असेलच असं नाही. एका सिझरनंतर खालून प्रयत्न करणाऱ्यांपैकी चारात जवळपास तिघींची प्रसूती नॉर्मल होते. जुना टाका उकलण्याचा धोका साधारण दोनशेत एक असतो, म्हणून तो प्रयत्न ओटी आणि रक्त हाताशी असलेल्या ठिकाणीच. दोन बाळंतपणांत निदान दोन-अडीच वर्षं अंतर ठेवा. हवी असेल तर सिझरच्या वेळीच तांबी बसवता येते, पण त्याचा निर्णय आत्ताच दोघांनी मिळून घ्या, टेबलावर नको. डिस्चार्ज कार्डावर गर्भाशयाला चिरा कसा दिला ते लिहून घ्या आणि ते कार्ड जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरांचं अर्धं ठरवणं त्यावरच असतं.

आणि बाळ सहा आठवड्यांचं झालं की त्याच्या खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. पायाळू बाळांत खुबा सैल असण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा कळलं तर पट्ट्यानं बरा होतो, चालायला लागल्यावर कळलं तर ऑपरेशन लागू शकतं. दीड महिन्याच्या लसींची तारीखही त्याच सुमारास येते, एकाच फेरीत दोन्ही होईल.